यंत्र बिघडले की वीज अडली?

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही उपयुक्त लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली आणि आम्ही खेळाच्या यंत्राचा विषय निवडला, हे पाहून वडीलधाऱ्या सभासदांना हसू येईल. परंतु दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाची ही यंत्रे आता पुष्कळ घरांत आहेत. त्यांतील काही परदेशस्थ आप्तांनी आणून दिलेली असतात. असे यंत्र बंद पडले की ते मेले असे आपण समजतो. पण दोष यंत्रात नसून त्यास वीज पुरविणाऱ्या भागात असण्याचा संभव बराच असतो. हे आम्हांस 2011 साली आपल्याच वसतिगृहात कळले, आणि काहीशा लाजिरवाण्या रीतीने कळले.

वसतिगृहाच्या एका माजी विद्यार्थ्याने अमेरिकेहून येताना मुलांसाठी एक्सबॉक्स 360 हे यंत्र आणले. त्याच्या तारेची पिन अमेरिकन चपट्या बनावटीची, आपल्या भिंतीत न बसणारी. आम्ही स्वतः बाजारातून पिन बदलणारा जोडतुकडा आणून बसविला. भिंतीवरचे बटण दाबण्याचा मान आठवीतील एका मुलास मिळाला. त्याने बटण दाबले मात्र, फट् असा आवाज झाला, जळका वास सुटला आणि सारे शांत झाले. ‘याने बटण खालीवर केले,’ असे दोघातिघांनी सांगितले आणि सर्वांनी ते मानले. दुरुस्तीच्या एका दुकानात मुख्य पट्टी जळाल्याचे सांगून नऊ हजारांचा अंदाज देण्यात आला. चौथ्या दिवशी त्या मुलाची नानी भरपाईचे पहिले पाचशे रुपये घेऊन कार्यालयात आली. ती रक्कम टेबलावर पाहिली तेव्हा कोठे आम्ही ते यंत्र पुन्हा नीट पाहावयास बसलो.

या यंत्राचा वीजपुरवठा पेटीच्या बाहेर असतो. विटेपेक्षा थोडा मोठा असा तो काळा ठोकळा भिंतीतील उलटसुलट वाहणारी वीज घेतो आणि यंत्रास 12 व्होल्टची सरळ वीज देतो. यंत्र बंद असतानाही जागे राहण्यापुरते 5 व्होल्ट तो वेगळ्या तारेने देत असतो. ठोकळ्यावर एक बारीक दिवा आहे. यंत्र चालू असता तो हिरवा, बंद असता नारिंगी, आणि ठोकळ्यास काही बाधा झाली तर तांबडा होतो. मुळीच न लागला तर ठोकळ्यापर्यंत वीज पोहोचत नाही किंवा ठोकळा आतून गेला, असे दोनच अर्थ. आमचा दिवा लागत नव्हता. त्याच भिंतीच्या जागी टेबलावरचा दिवा लावला, तो लख्ख लागला. ठोकळा उलटा करून भिंगाने लेबल वाचले. त्यावर लिहिले होते: 100 ते 127 व्होल्ट.

आपल्या घरी वीज 230 व्होल्टची येते, अमेरिकेत 120 ची. पिनेचा जोडतुकडा फक्त पिनेचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही. शिवाय 230 हा आकडा सरासरीच्या हिशेबाचा आहे. लाटेचे शिखर त्याच्या 1.414 पट, म्हणजे सुमारे 325 व्होल्टवर जाते. अमेरिकेतील 120 चे शिखर 170 च्या आसपास. एवढ्यासाठीच बांधलेल्या पुरवठ्यात दुप्पट दाब शिरला म्हणजे बहुधा आतील अतिदाब अडविणारा घटक स्वतः जळून वाट बंद करतो आणि फ्यूज उडतो. फट् आवाज तोच. बटण एकदा दाबा की चारदा, परिणाम हाच झाला असता.

मग मुख्य पट्टीचे काय? ठोकळ्याच्या पुढे यंत्रास 12 आणि 5 व्होल्टांखेरीज काही ठाऊकच नसते, आणि या दोहोंमध्ये रोहित्राची आडभिंत असते. म्हणून ठोकळा जळूनही यंत्र पुष्कळदा सुखरूप राहते. आम्ही 220 ते 240 व्होल्टचा जुना ठोकळा एका ओळखीच्या घरून तासाभरासाठी मागून आणला. भिंतीत लावताच दिवा नारिंगी. यंत्राचे बटण दाबताच हिरवा. ते पाचशे रुपये आम्ही त्याच संध्याकाळी नानींच्या घरी पोहोचविले. मुलाशी काय बोलावे हे मात्र लवकर सुचले नाही.

येथे एक फसगत सांगितली पाहिजे, कारण जाणते वायरमनही तीत सापडतात. ठोकळा यंत्रापासून सोडवून मीटर लावला तर 5 व्होल्ट दिसतात, 12 दिसत नाहीत. यावरून तो बिघडला असे म्हणू नये. यंत्राकडून ‘सुरू हो’ असा इशारा मिळेपर्यंत तो 12 व्होल्ट सोडतच नाही. एकटा असता नारिंगी आणि यंत्रास जोडून चालू करताच तांबडा, असे झाले तर दोष दोहोंपैकी कोणाचाही असू शकतो. चांगला ठोकळा बदलून पाहिल्याखेरीज निकाल देऊ नये. ठोकळ्यात छोटा पंखा आहे. तो गालिच्यावर किंवा कपाटाच्या मागे कोंबला तर तापून तांबडा होतो. अशा वेळी पिन काढून अर्धा तास निवू द्यावा आणि मग लांबवणीच्या पट्टीत न लावता थेट भिंतीत लावून पाहावा.

ठोकळा घरी उघडू नये. आतील कंडेन्सर पिन काढल्यावरही काही वेळ भरलेला राहतो, आणि त्याचा धक्का जीवघेणा होऊ शकतो. आम्ही शास्त्र शिकवितो, तरी उघडला नाही.

नवा घेताना लेबलावर व्होल्ट आणि वॅट दोन्ही पाहावेत. आरंभीच्या यंत्रांचा ठोकळा 203 वॅटचा, पुढच्यांचा 175, मग 150. मोठा ठोकळा त्या पुढच्या यंत्रांना चालतो. छोटा आधीच्या यंत्रात बसतच नाही, तशी खाच मुद्दाम ठेवली आहे. 2010 नंतरच्या सडपातळ यंत्राची पिन अगदीच निराळी. या यंत्राचे उत्पादन 2016 साली थांबले, त्यामुळे आता जुन्या मालावरच भिस्त. पैसे देण्यापूर्वी दुकानातच भिंतीत लावून नारिंगी दिवा पाहून घ्यावा, आणि भिंग सोबत न्यावे, कारण लेबलावरची अक्षरे फार बारीक असतात.