कापडी लंगोटांची सुरुवात : बादली कोण उचलणार?

बाळंतविड्यात झबली, टोपडी, दुपटी आणि कुंची यांच्याबरोबर लंगोटांची चळत असणे ही आपल्याकडची जुनी रीत. मध्यंतरी तयार डायपर घरोघर आले आणि ही चळत कपाटाच्या मागच्या कप्प्यात गेली. आता अनेक तरुण आईवडील पुन्हा कापडाकडे वळू पाहत आहेत. कोणाला दरमहाचा खर्च खुपतो, कोणाला बाळाच्या त्वचेची काळजी वाटते, तर कोणाला रोज साठणाऱ्या कचऱ्याचा संकोच वाटतो. आपल्याही मनात हा विचार असेल, तर कापड कोणते घ्यावे हे पाहण्याआधी एका साध्या प्रश्नाचे उत्तर घरात ठरवून घ्यावे. लंगोट धुणार कोण?

प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण कापडी लंगोटांचा संकल्प बहुधा इथेच अडखळतो. पूर्वी बऱ्याच घरांत बाळंतिणीच्या हाताशी आई, सासू, मावशी, आत्या अशी माणसे असत. आज दोघांच्या किंवा तिघांच्या घरात कापड तेच राहिले, मात्र ते धुणारे हात कमी झाले. म्हणून लंगोटाची निवड ही कामाच्या वाटणीचीही निवड आहे, हे ध्यानात ठेवून पुढची तयारी करावी.

कापड काय देते, काय देत नाही

कापडी लंगोट वापरले म्हणजे बाळाला पुरळ येणारच नाही, हा समज खरा नाही. तयार डायपरमध्ये ओलावा धरून ठेवणारे रासायनिक कण असतात. त्यामुळे त्वचा काही काळ कोरडी राहते. कापडात ही सोय नाही. ओला लंगोट ओलाच राहतो. त्वचेचे रक्षण केवळ कापडाने होत नाही, तो वेळेवर बदलण्याने होते. दिवसा दर दोन-तीन तासांनी आणि शी झाल्यावर तत्काळ लंगोट बदलणे शक्य असेल, तरच कापडाचा गुण दिसतो.

कापडाचा एक लाभ मात्र मोलाचा आहे. बाळाने किती वेळा शू केली, हे त्यातून लगेच कळते. स्तनपान करणाऱ्या बाळाला दूध पुरते की नाही, याची ही सर्वांत सोपी खूण. पहिल्या दिवशी निदान १, दुसऱ्या दिवशी २, असे वाढत जाऊन पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत ६ किंवा अधिक वेळा लंगोट ओले व्हावेत. ते कमी होत असतील आणि बाळ सुस्त वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

शीचा रंगही पाहण्याची सवय लावावी. पहिले दोन-तीन दिवस ती काळपट हिरवी व चिकट असते. पुढे दूध पिणाऱ्या बाळाची शी पिवळी होते. ती पांढुरकी किंवा मातकट फिकी दिसू लागली, लंगोटावर गडद पिवळ्या शूचे डाग पडू लागले, किंवा दोन आठवड्यांनंतरही कावीळ उतरली नाही, तर थांबू नये. पित्तनलिका बंद असण्याच्या विकाराची ही लक्षणे असू शकतात आणि त्यावरची शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झाली तर अधिक लाभदायक ठरते.

कोणते आणि किती?

बाजारात नावे पुष्कळ असली तरी प्रकार मुख्यतः तीन. पहिला, दोरीचा त्रिकोणी लंगोट. हा स्वस्त, लवकर वाळणारा. पण शू बाहेर झिरपते, म्हणून खाली दुपटे किंवा रबरी कापड हवे. दुसरा, मलमल किंवा टॉवेलसारख्या कापडाचा साधारण ६० सेंटिमीटरचा चौकोन. हा घडी घालून बांधता येतो आणि बाळ वाढले तरी घडी बदलून चालतो. तिसरा, अलीकडचा : बाहेर जलरोधक आवरण आणि आत शोषक घडी. वापरायला सोपा, मात्र महाग आणि वाळायला सावकाश.

पहिल्या महिन्यासाठी पहिले दोन प्रकार पुरेसे होतात. नवजात बाळाला दिवसाला १० ते १२ लंगोट सहज लागतात. आज धुतलेले उद्या वाळतात असे धरले, तर कोरड्या ऋतूत २४ लंगोट पुरतात. जन्म पावसाळ्यात असेल, तर ३६ जवळ असावेत. जलरोधक आवरणाचा संच एकदम मोठा घेऊ नये. एकाच प्रकारचे तीन-चार घेऊन पाहावेत. बाळाच्या मांड्यांना ते नीट बसतात का, रबराचा वळ उठतो का, हे वापरल्यावरच कळते. नवे सुती कापड तीन-चार वेळा धुतल्याशिवाय नीट शोषत नाही, म्हणून प्रसूतीच्या तारखेआधीच ते धुऊन, वाळवून ठेवावे.

ट्रंकेतले मऊ कापड

आजीच्या मऊ नऊवारीचे किंवा आजोबांच्या जुन्या धोतराचे लंगोट फार चांगले होतात. अनेकदा धुतलेले सुती कापड मऊ असते आणि पाणीही पटकन शोषते. पण ते ट्रंकेत डांबरगोळ्यांबरोबर ठेवलेले असेल, तर बाळाच्या अंगाला लावू नये. या गोळ्यांतील नॅप्थलीनची वाफ श्वासातून व त्वचेतून शरीरात जाते. काही बाळांमध्ये जी६पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असते. मुलग्यांमध्ये ती अधिक आढळते. अशा बाळांच्या तांबड्या रक्तपेशी नॅप्थलीनमुळे झपाट्याने फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. आपल्या बाळात ही कमतरता आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही. तेव्हा बाळाचे सर्व कपडे, दुपटी आणि गोधड्या डांबरगोळ्यांपासून दूरच ठेवाव्यात. ज्या कापडाला तो वास येतो, त्याचे पायपुसणे करावे; लंगोट करू नयेत.

बांधण्याची रीत

लंगोट पोटावर घट्ट आवळू नये. दोन बोटे आत जातील एवढी सैल जागा असावी. नाळ गळून पडेपर्यंत वरची कड नाभीच्या खाली दुमडावी, म्हणजे नाळ कोरडी राहते. बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेले आणि फाकलेले राहिले पाहिजेत. दोन्ही पाय सरळ ताणून दुपट्यात करकचून बांधल्यास खुब्याचा सांधा नीट घडत नाही. मुलीला पुसताना हात नेहमी पुढून मागे न्यावा. सेफ्टी पिनांऐवजी नाडी, बटणे किंवा वेल्क्रो बरे.

धुणे : शिस्त थोडी, पण रोजची

शूचा लंगोट साध्या पाण्यातून काढून पिळून ठेवावा. शीचा लंगोट आधी शौचालयात झटकून जेट फवाऱ्याने स्वच्छ करावा. ते पाणी मोरीत किंवा उघड्या गटारात सोडू नये. तान्ह्या बाळाची शी निरुपद्रवी असते, हा गैरसमज आहे. तिच्यातून जंतू पसरू शकतात. पोलिओ व रोटाव्हायरसच्या तोंडावाटे दिलेल्या लसींतील विषाणूही काही काळ शीतून बाहेर पडतात. लंगोट बदलल्यावर आणि धुतल्यावर हात साबणाने धुणे म्हणूनच अनिवार्य आहे.

लंगोट पाण्यात रात्रभर भिजत ठेवू नयेत. त्यांना वास धरतो. शिवाय घरात रांगते किंवा चालते दुसरे मूल असेल, तर पाण्याने भरलेली बादली हा त्याच्या जिवाला धोका असतो. खळबळून पिळलेले लंगोट हवेशीर टोपलीत ठेवून २४ तासांच्या आत धुवावेत. साबणाची पूड बेताची घ्यावी आणि फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळावे. कापडात राहिलेला साबण बाळाच्या त्वचेला झोंबतो. सुगंधी कंडिशनर टाळावा, कारण त्याने कापडाची शोषणशक्ती कमी होते. जंतुनाशक द्रावण रोज वापरण्याची गरज नाही. बाळाला जुलाब किंवा बुरशीची लागण झाली असेल, तर ते दिवस लंगोट ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुवावेत. धुतलेल्या लंगोटाला अमोनियासारखा तीव्र वास येत असेल, तर धुणे अपुरे पडते आहे असे समजावे.

उन्हासारखा दुसरा मित्र नाही. कडक उन्हात कापड लवकर वाळते आणि पिवळे डागही फिके होतात. पावसाळ्यात पंख्याखाली, एकावर एक न टाकता, दोरीवर अंतर ठेवून वाळवावे आणि सुती लंगोटांवर गरम इस्त्री फिरवावी. जलरोधक आवरणावर मात्र इस्त्री करू नये. शेगडीच्या धुरावर लंगोट सुकवू नयेत. धूर बाळाच्या श्वासाला अपायकारक असतो. दमट लंगोट कधीही बांधू नये.

पुरळ आले तर

शू आणि शी यांचा संयोग त्वचेचे संरक्षक आवरण झिजवतो. लाली दिसताच लंगोट अधिक वेळा बदलावा, कोमट पाण्याने धुऊन हलकेच टिपून घ्यावे आणि दिवसातून थोडा वेळ बाळाला उघडे ठेवावे. झिंक ऑक्साइडचे मलम लावता येते; पण त्याचा थर कापडात बसू नये म्हणून आत मलमलचा एक तुकडा ठेवावा. पावडर लावू नये, तिचे कण श्वासात जातात. लाली जांघेच्या घड्यांत शिरली, भोवती लहान लाल पुळ्या उमटल्या किंवा दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर ती बुरशी असू शकते. अशा वेळी घरात पडलेले जुने मलम न लावता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आता मूळ प्रश्न

दहा लिटर पाण्याची बादली दहा किलोंची होते. सिझेरियन झालेल्या आईला साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड वस्तू उचलू नये असे सांगितले जाते. सामान्य प्रसूतीनंतरही शरीर भरून यायला वेळ लागतो आणि दर दोन-तीन तासांनी दूध पाजणे हेच तिचे पूर्णवेळ काम असते. म्हणून पहिल्या दीड-दोन महिन्यांत लंगोटांची बादली आईच्या वाट्याला येऊ नये. बाळाच्या बाबांना दूध पाजता येत नाही. लंगोट बदलता, धुता आणि वाळत घालता मात्र निश्चित येतात. सकाळी कामावर निघण्यापूर्वी यंत्र लावणे आणि रात्री घड्या घालणे ही त्यांची कामे आधीच ठरवून घ्यावीत. धुणे घरकामाच्या ताईंकडे द्यायचे असेल, तर त्यांची संमती घ्यावी, वेगळा मोबदला द्यावा आणि शी घरच्यांनीच आधी स्वच्छ करावी.

हात कमी पडत असतील, तर मधला मार्ग धरण्यात कमीपणा नाही. दिवसा घरी कापड आणि रात्री किंवा प्रवासात तयार डायपर, अशी विभागणी चालते. दिवसातले चार-पाच डायपर टळले, तरी ती बचत लहान नाही. जो डायपर वापराल, त्यातील शी शौचालयात टाकून तो कागदात गुंडाळावा आणि वेगळी खूण करून कचऱ्यात द्यावा. पुण्यात अशा पुडीवर लाल ठिपका काढण्याचा आग्रह 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने धरला आहे. आपण निष्काळजीपणे टाकलेला डायपर कोणाला तरी हाताने वेगळा करावा लागतो, हे त्यामागचे कारण.

पर्यावरणाचा हिशेबही आपल्या सवयींवरच अवलंबून असतो. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी अभ्यासात कापडी आणि तयार डायपरचा हवामानावरील सरासरी परिणाम जवळजवळ सारखाच आढळला होता. मात्र यंत्र पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडाचा परिणाम सुमारे ४० टक्क्यांनी घटतो, असेही त्यात दिसले. दोरीवर वाळवणे आणि भावंडांना कपडे पुरवणे या दोन्ही गोष्टी आपल्या घरांना नव्या नाहीत.

आरंभ लहान करावा. पहिला आठवडा दिवसातून फक्त चार-पाच कापडी लंगोट वापरावेत आणि धुण्याची घडी बसली की वाढवावेत. पंधरा दिवसांनी घरातल्या सर्वांनी बसून पाहावे : बाळाची त्वचा कशी आहे, लंगोट वेळेवर वाळतात का आणि बाळाच्या आईला विश्रांती मिळते का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चांगली आणि तिसऱ्याचे वाईट असेल, तर लंगोटांची नव्हे, कामाची वाटणी बदलावी.