तुर्की घराचा अभ्यासक : सेदाद हक्की एल्देम

एखादी इमारत पाहतांच ही अमुक देशाची असें आपण म्हणतों, तें कशावरून? बहुधा घुमटावरून, कमानीवरून किंवा नक्षीवरून. परंतु घुमट आणि कमानी मशिदींच्या व राजवाड्यांच्या. सामान्य माणूस ज्या घरांत जन्मतो, वाढतो आणि देह ठेवतो, त्या घरावर त्याच्या देशाची कांहीं मुद्रा असते कीं नाहीं? तुर्कस्तानांतील एका वास्तुविशारदानें हा प्रश्न तरुणपणीं हातीं घेतला आणि अखेरपर्यंत सोडला नाहीं. त्यांचें नांव सेदाद हक्की एल्देम.

१९२३ सालीं तुर्कस्तानांत प्रजासत्ताक स्थापन झालें आणि अंकारा ही नवी राजधानी उभी राहूं लागली. कचेऱ्या, शाळा, बँका बांधावयाच्या होत्या. पण त्या कोणत्या पद्धतीनें? जुन्या पिढीचे विशारद नव्या कचेरीलाही उस्मानी घुमट, टोंकदार कमानी आणि रंगीत फरशा लावीत. नव्या पिढीला तो पोशाख उसना वाटे. ती मध्य युरोपांतून आलेल्या, सपाट छपराच्या निराभरण इमारतींकडे वळली. एकीकडे भूतकाळाची नक्कल, तर दुसरीकडे परदेशाची. एल्देम यांना या दोन्ही नकला मान्य नव्हत्या.

त्यांचा जन्म इस्तंबूल येथें १९०८ सालीं झाला. घराणें उस्मानी अमदानींतील थोर अधिकाऱ्यांचें. इस्तंबूलच्या ललितकला विद्यालयाचे संस्थापक, चित्रकार उस्मान हमदी बे, हे त्यांच्या आजोळच्या कुळांतले. वडील परराष्ट्र खात्यांत असल्यामुळें त्यांचें बालपण जिनीव्हा, झुरिच व म्यूनिक या शहरांत गेलें. जीं घरें इतरांना नित्याचीं म्हणून दिसेनाशीं झालीं होतीं, तीं त्यांना नव्यानें दिसलीं, त्याचें एक कारण हेंच असावें. १९२४ ते १९२८ त्यांनीं त्याच ललितकला विद्यालयांत शिक्षण घेतलें आणि नंतर शिष्यवृत्तीवर ते पॅरिस व बर्लिन येथें गेले. तेथें अमेरिकन विशारद फ्रँक लॉइड राइट यांच्या घरांचीं चित्रें त्यांच्या पाहण्यांत आलीं. जमिनीसरशा लांब रेषा, ओळीनें खिडक्या आणि रुंद वळचणी पाहून त्यांना इस्तंबूलचीं जुनीं लांकडी घरें आठवलीं. जें आपल्या गल्लींत जीर्ण म्हणून पाडलें जात आहे, त्यांत उद्यांच्या घराचें बीज आहे, असें त्यांच्या मनानें घेतलें.

परत आल्यावर ते विद्यालयांत शिकवूं लागले आणि १९३४ च्या सुमारास त्यांनीं राष्ट्रीय वास्तुकलेचा अभ्यासवर्ग सुरू केला. या वर्गाची रीति साधी होती. विद्यार्थ्यांनीं जुन्या घरांत जावयाचें, दोरी-पट्टीनें मापें घ्यावयाचीं आणि तलाचे नकाशे काढावयाचे. मग एका घराशेजारीं दुसरें मांडून सारखें काय व निराळें काय हें ताडून पाहावयाचें. व्याख्यानापेक्षां मोजणीवर त्यांचा विश्वास अधिक होता.

या मोजणींतून काय हातीं आलें? जुन्या तुर्की घराचा तळमजला दगडी व बहुधा बंदिस्त. तेथें कोठार आणि जनावरांची जागा. खरी वस्ती वरच्या मजल्यावर, आणि तो रस्त्यावर पुढें झुकलेला. तेथील प्रत्येक खोली स्वयंपूर्ण असे. दिवसां ती बैठक. जेवणाच्या वेळीं मध्यें तबक मांडलें कीं जेवणघर. रात्रीं भिंतींतल्या कपाटांतून गाद्या काढून अंथरल्या कीं निजावयाची खोली. या खोल्यांना जोडणारी जागा म्हणजे 'सोफा'. आपल्याकडे हा शब्द बसावयाच्या आसनाला लावतात. तुर्की घरांत मात्र तो सर्वांचा सामाईक भाग असून मराठी घरांतील सोप्याची आठवण करून देणारा आहे. एल्देम यांनीं या सोफ्यावरूनच घरांचे चार प्रकार पाडले. पहिल्यांत सोफा नसतोच. दुसऱ्यांत तो खोल्यांच्या बाहेरच्या अंगाला, अंगणाकडे उघडा. तिसऱ्यांत दोन ओळींच्या मध्यें. आणि चौथ्यांत घराच्या केंद्रस्थानीं. नक्षी बदलली, मालक बदलला, तरी हा सांगाडा टिकून राहतो, हा त्यांचा निष्कर्ष होता.

दुसरीही एक गोष्ट त्यांना आढळली. त्या घरांचा भार भिंती उचलीत नसत. ठराविक अंतरावरील लांकडी खांब उचलीत, आणि म्हणूनच खांबांमधून एका मापाच्या खिडक्यांची रांग बसवितां येई. सिमेंट-काँक्रीटचा सांगाडाही असाच चालतो. तेव्हां जुन्या घराची शिस्त नव्या साहित्यांत आणण्यासाठीं सोंग करावें लागत नाहीं, असें ते म्हणत.

१९४८ सालीं विद्यालयाला आग लागली आणि वर्षानुवर्षें जमविलेल्या नकाशांचा मोठा भाग जळाला. मोजलेलीं कित्येक घरें तोंवर नाहींशीं झालीं होतीं. आतां त्यांचे कागदही गेले. एल्देम यांनीं उरलेलें पुन्हा जुळविलें आणि १९५४ सालीं तुर्की घराच्या तलप्रकारांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

स्वतःच्या कामांतही त्यांनीं हा अभ्यास उतरविला. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनांतील तुर्की मंडप त्यांचाच. एमिन ओनात यांच्यासह त्यांनीं इस्तंबूल विद्यापीठाच्या विज्ञान व वाङ्मय शाखांची इमारत बांधली. १९४८ च्या सुमारास तश्लिक येथें त्यांनीं बांधलेल्या कॉफीगृहाचा आदर्श बॉस्फरसच्या कांठावरील १६९९ सालचा एक वाडा होता. अंकारांतील भारताच्या वकिलातीची वास्तुही त्यांचीच कृति. मात्र १९५५ सालीं उघडलेल्या इस्तंबूलच्या हिल्टन हॉटेलांत ते अमेरिकन विशारदांचे सहकारी होते, आणि त्या भव्य चौकोनी इमारतीनें शहराला जी नवी चाल लावली, ती जुन्या घरांना मुळींच पोषक नव्हती. तश्लिकचें कॉफीगृहही पुढें एका मोठ्या हॉटेलासाठीं पाडण्यांत आलें. आज दिसतें तें पुन्हा बांधलेलें.

त्यांच्या विचाराची खरी कसोटी झेरेक येथें लागली. समाजविमा खात्याच्या कचेऱ्या जुन्या लांकडी घरांच्या वस्तीला लागून उतारावर बांधावयाच्या होत्या. एकच अवाढव्य इमारत उठविली असती तर ती वस्ती चिरडून गेली असती. एल्देम यांनीं कामाचे लहान लहान भाग पाडले, ते उतारावर पायरीपायरीनें बसविले आणि त्यांच्यामधून गल्लीसारखी वाट काढली. साहित्य काँक्रीटचें, पण खिडक्यांचें माप आणि वळचणींची छाया शेजारच्या घरांशीं जुळणारी. १९६० नंतरच्या दशकांतील या कामाला १९८६ सालीं आगाखान पारितोषिक मिळालें.

त्यांच्या सिद्धांतावर आक्षेपही आले. हीं घरें बाल्कन प्रदेशांतही आढळतात. त्यांत ग्रीक व आर्मेनियन कुटुंबें राहिलीं, आणि बांधणारे हातही अनेक जमातींचे होते. मग त्यांना केवळ 'तुर्की' कां म्हणावें, असें पुढील अभ्यासकांनीं विचारलें, आणि तें योग्यच होतें. पण असा वाद घालण्यासाठीं जो पुरावा लागतो, त्याचा मोठा भाग एल्देम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनींच गोळा केलेला आहे.

१९७८ पर्यंत त्यांनीं अध्यापन केलें. उतारवयांत 'तुर्की घर' या विषयावरील त्यांचे मोठे खंड १९८४ पासून निघूं लागले, आणि १९८८ सालीं त्यांचें निधन झालें. त्या खंडांतील पुष्कळ घरें आज जागेवर नाहींत. त्यांच्या खोल्या किती लांब-रुंद होत्या, खिडक्या किती होत्या आणि सोफा कोणत्या दिशेला उघडत असे, हें मात्र अजून सांगतां येतें. कारण तीं पडण्यापूर्वीं कोणीतरी पट्टी घेऊन तेथें गेलें होतें.