उपासाची भगर निवडून घ्या

महाशिवरात्र किंवा नवरात्र आलं, की भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात. उलट्या, चक्कर, मळमळ. दोष भगरीचा नसतो, तिच्यावर वाढलेल्या बुरशीचा असतो. दमट हवेत भगरीवर ॲस्परजिलस जातीची बुरशी धरते आणि विषद्रव्यं तयार करते. ती नुसत्या शिजवण्यानं नष्ट होतीलच असं नाही, त्यामुळे ‘उकळलंय ना, मग काय होतंय’ ही समजूत घातक आहे.

सर्वांत जास्त धोका पिठात. अख्ख्या दाण्यावरचा काळपट डाग किंवा जाळी निवडताना दिसते, दळल्यावर काहीच कळत नाही. त्यातून भगरीचं पीठ ओलावा पटकन धरतं. म्हणून सुटं, तयार पीठ घेऊच नये. पाकिटबंद भगर घ्यावी, त्यावरची तारीख आणि चौदा आकडी परवाना क्रमांक वाचावा, घरी निवडून, धुऊन, लागेल तेवढीच दळावी. कुबट वास आला तर सरळ फेकावी.

महाप्रसाद करणाऱ्या मंडळांनी तर जास्तच जपावं, कारण तिथं एका पातेल्यातून अख्खं गाव जेवतं. दुकानदाराकडून पक्कं बिल मागून घ्या. त्रास झालाच, तर उरलेली भगर टाकू नका, तपासणीसाठी अन्न व औषध प्रशासनाकडे द्या.