फाइल बदला, पण तारीख सांभाळा

आजचा भाग छोटा आहे, पण टर्मिनल उघडून बसा. कमांड मी बोललो तशाच खाली उतरवल्यात.

उदाहरण आपल्याच किनाऱ्याचं घेऊ. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं आणि १७ मेच्या रात्री गुजरातला धडकलं. समजा, मालवणात कुणीतरी त्या आठवड्यात जमेल तशा नोंदी लिहिल्या. कुणाची होडी फुटली, कुठे माड पडले, लाइट कधी आली. अशा तीसेक टेक्स्ट फाइली. आत तारीख नाही. काय आधी, काय नंतर, हे फक्त फाइलच्या तारखेवरून कळतं.

आता सगळीकडे ‘तौते’चं ‘तौक्ते’ करायचंय. तुम्ही सेड, म्हणजे एस-ई-डी, डॅश आय लावून चालवलं. एका सेकंदात काम झालं, आणि तीसही फाइलींवर आजची तारीख पडली. ज्या फाइलीत तो शब्दच नव्हता, तिच्यावरसुद्धा! कारण सेड जुन्या फाइलीत खाडाखोड करत नाही. ते नवी फाइल लिहितं आणि जुन्या नावावर बसवतं.

लिनक्समध्ये फाइलला मुख्यतः तीन वेळा असतात. एम-टाइम म्हणजे मजकूर शेवटचा कधी बदलला. ए-टाइम म्हणजे शेवटची कधी वाचली. सी-टाइम म्हणजे फाइलची माहिती, उदाहरणार्थ परवानग्या, कधी बदलली. आपल्याला वाचवायचाय तो एम-टाइम.

उपाय टच कमांडमध्ये आहे. टी-ओ-यू-सी-एच. तीन पायऱ्या:

एक: टच डॅश आर नोंद शिक्का. ‘शिक्का’ नावाची रिकामी फाइल बनते, तिच्यावर ‘नोंद’ फाइलची वेळ उतरते.

दोन: ‘नोंद’मध्ये हवा तो बदल करा. सेड, विम, नॅनो, काहीही चालेल.

तीन: टच डॅश आर शिक्का नोंद. जुनी वेळ परत. मग ‘शिक्का’ पुसून टाका.

फाइली जास्त असतील तर हेच फॉर लूपमध्ये घाला. आधी ग्रेप डॅश एल ने शब्द असलेल्याच फाइली शोधा, म्हणजे बाकीच्यांना हात लागणार नाही. कॉपी करताना सीपीला डॅश पी द्या, नाहीतर कॉपीवर आजची वेळ येते. आणि गिटवर विसंबू नका, ते फाइलचा एम-टाइम साठवतच नाही.

आता खरी गोम ऐका. बॅकअप घेणारं आरसिंक सहसा दोनच गोष्टी बघतं, आकार आणि एम-टाइम. समजा एका नोंदीत ‘१७ मे’ चुकून पडलंय, ते तुम्ही ‘१६ मे’ केलंत. एका अंकाच्या जागी दुसरा, आकार तोच. वेळही तुम्ही जुनीच ठेवलीत. आरसिंकला वाटणार, काहीच बदललं नाही! बॅकअपमध्ये चुकीची तारीख तशीच राहणार, आणि डिस्क गेली की तीच परत येणार. म्हणून अशा कामानंतर आरसिंक एकदा डॅश सी लावून चालवा. मग ते मजकूर तपासतं. वेळ लागतो, पण बदल सुटत नाही. मेक वापरत असाल तर तिथेही हेच: वेळ जुनी दिसली तर ते नव्यानं बिल्ड करणार नाही.

आणखी एक. टच कुठलीही तारीख लावू देतं, त्यामुळे एम-टाइम हा पुरावा नव्हे. सी-टाइम मात्र टचनं मागे नेता येत नाही. स्टॅट कमांड चालवली की तो दिसतो, म्हणजे नंतर हात लागलाय हे कळतं. तेव्हा नुकसानीच्या पंचनाम्याला वगैरे लागतील अशा मूळ फाइली तशाच ठेवा आणि बदल कॉपीत करा.

आणि शक्य असेल तेव्हा तारीख फाइलच्या नावातच लिहा. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. ती कुठल्याही सेडनं, कॉपीनं पुसली जात नाही, आणि क्रमही आपोआप लागतो.

प्रश्न असतील तर कळवा. भेटूच पुढच्या भागात!