मार्केसच्या नावातला जोर

गाब्रिएल गार्सिया मार्केस हे नाव आपण मराठीत सपाट म्हणून मोकळे होतो. स्पॅनिशमध्ये तसं चालत नाही. तिथे जोर हलला की अर्थ हलतो. 'पापा'तल्या पहिल्या 'पा'वर जोर दिला तर लॅटिन अमेरिकेत बटाटा, दुसऱ्यावर दिला तर बाबा!

नियम मात्र आटोपशीर आहे. शब्द स्वराने, 'न'ने किंवा 'स'ने संपला तर जोर उपान्त्य अक्षरावर. इतर व्यंजनाने संपला तर शेवटच्या. नियम मोडणाऱ्या शब्दात जोराच्या स्वरावर तिरकी रेघ येते, तिचं नाव तिल्दे.

अक्षर म्हणजे इथे एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा. तो तोडताना आपली लिपी कधी साथ देते, कधी चकवते. 'पाद्रे' (वडील) लिहितो तसाच तुटतो: पा-द्रे. 'कार्ता' (पत्र) मात्र कार्-ता. 'कार्ता'सारख्या शब्दात डोळ्यापेक्षा वृत्तांचा सराव असलेला कान बरा. जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन मागच्या अक्षराला टेकतं, हे त्याला ठाऊक असतं.

आता पुन्हा ते नाव. आ, ए, ओ हे बळकट स्वर. इ, उ दुबळे. दुबळा बळकटाला चिकटतो, म्हणून गा-ब्रिएल दोनच अक्षरांचा. शेवटी 'ल', म्हणून जोर 'ब्रिएल'वर, रेघेची गरज नाही. गार्सियात मात्र दुबळ्या इ-नेच जोर घेतलाय. तो शेजाऱ्यापासून वेगळा होतो, गार्-सी-आ अशी तीन अक्षरं पडतात आणि इ-वर रेघ चढते. मार्केसचा शेवटचा 'स' लॅटिन अमेरिकेच्या उच्चारातला. लेखनात तिथे रोमन झेड आहे. म्हणजे नियमाने जोर 'केस'वर हवा. तो 'मार्'वर आहे, म्हणून रेघ.

ही रेघ येते-जातेही. 'होवेन' म्हणजे तरुण. त्याला रेघ नाही. अनेकवचनी 'होवेनेस'मध्ये जोर 'हो'वरच राहतो, पण शेवटून तिसरा होतो, म्हणून रेघ लागते. 'मूल'चं 'मुलाला' करताना दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो, हे शाळेत घोकलेल्यांना याचं नवल वाटू नये.

सगळ्या स्पॅनिशभाषकांचं मात्र तोडण्यावर एकमत नाही. 'खेळाडू' या अर्थाचा 'आत्लेता' स्पेनमध्ये बहुतेक जण आत्-ले-ता असा तोडतात, तर मेक्सिकोत आ-त्ले-ता. तिथल्या नाहुआत्ल या भाषेत 'त्ल' हा एकच ध्वनी आहे, आणि मेक्सिकन जिभेला तो फोडायची सवय नाही.