उपग्रहातला कवडसा

श्रोते हो, पत्र्याच्या बारीक भोकातून घरात उतरणारा कवडसा आपण सर्वांनी पाहिला आहे. 20 मेच्या सुमारास, दुपारी साडेबाराच्या जरा आधी, सूर्य जालन्याच्या थेट माथ्यावर येतो. त्या वेळी तीन मीटर उंच छपरातून पडलेल्या कवडशाभोवती कोळशाने रेघ ओढा. चार मिनिटांनी बघा, कवडसा जवळजवळ पाच सेंटिमीटर सरकलेला असेल. सूर्य सरकला तो जेमतेम एक अंश!

उपग्रहाला सूर्याची दिशा कळते ती अशीच. त्याचा सूर्यसंवेदक म्हणजे एक बारीक फट, आणि तिच्याखाली उजेडाची वीज करणाऱ्या घटांची रांग. ऊन कोणत्या घटावर पडले, त्यावरून कोन निघतो. तो फार चुकला तर सौर पॅनेल उन्हाकडे वळत नाहीत, अन् बॅटरी उतरली की उपग्रह मुका झाला. 2 सप्टेंबर 2023 रोजी निघालेल्या 'आदित्य एल-1'वर पुण्याच्या आयुकाच्या पुढाकाराने घडलेली दुर्बीण आहे. तिचे तर सगळे काम सूर्याकडे तोंड करूनच.

पण उपग्रहात तीन मीटरचे छप्पर कुठले? फट नि घट यांत दोन मिलिमीटर अंतर धरा. एका अंशाला कवडसा केसाच्या निम्म्या जाडीइतकाच सरकेल. अंतर वाढवावे, तर तिरपे ऊन घटांबाहेर पडते. शिवाय सूर्य म्हणजे काही ठिपका नव्हे. तो अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून कवडशाची कड पुसटच. तेव्हा कड सोडून, शेजारच्या घटांतली वीज तोलून, मध्य काढतात. पृथ्वीवरून उलटलेला उजेडही फसवतो, बरं का! म्हणून उड्डाणापूर्वी संवेदक कृत्रिम सूर्यासमोर थोडाथोडा फिरवून त्याची चूक कोनाकोनाला मांडून ठेवतात.

गुरुजींनी मुलांकडून कवडशाची रुंदीही मोजून घ्यावी. तीन मीटरवर ती तीन सेंटिमीटरच्या आसपास भरेल. सूर्याकडे मात्र कोणी बघू नये.