मुलांना प्राणी दाखवायला नेताना : ऑस्ट्रेलियातील दोन प्रकारच्या सहली

आम्ही इथे उभे आहोत ते प्राणिशास्त्राचे अभ्यासक म्हणून नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही म्हणजे मेलबर्नमध्ये राहणारी पाच-सहा मराठी कुटुंबं. शाळेला सुट्टी लागली, किंवा भारतातून कुणाचे आई-वडील आले, की डबे भरून, चटया-पांघरुणं गाडीत टाकून आम्ही प्राणी बघायला निघतो. अशा बऱ्याच सहली झाल्या. त्यात जे शिकलो आणि जे चुकलो, ते आज तुमच्यापुढे ठेवायचं आहे.

सुरुवात एका प्रश्नापासून करू. आमच्यातल्या एका सात वर्षांच्या मुलाने गाडीच्या खिडकीतून बाहेर बघता बघता विचारलं, "मेंढ्या कुंपणाच्या आत आणि कांगारू बाहेर, असं का? इथला नक्की कोण?" तेव्हा आम्ही काहीतरी थातूरमातूर उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न साधा नव्हता. नीट उत्तर शोधायला आम्हाला दोन-तीन वर्षं लागली.

बघा, इथे प्राण्यांच्या सहली दोन प्रकारच्या असतात. एक शेतावरची : गायी, मेंढ्या, शेळ्या, कोंबड्या. दुसरी रानातल्या, म्हणजे मूळच्या इथल्या प्राण्यांची : कांगारू, कोआला, प्लॅटिपस, पेंग्विन. बहुतेक कुटुंबं या दोन्ही सहली करतात, पण दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं कुणाच्या मनात येत नाही. आमचं म्हणणं असं, की त्या एकत्र बघितल्याशिवाय या देशातले प्राणी कळत नाहीत.

आधी शेताकडे जाऊ. मेलबर्न शहराच्या मध्यापासून जेमतेम चार-पाच किलोमीटरवर, यारा नदीच्या काठी कॉलिंगवूड चिल्ड्रन्स फार्म आहे. १९७९ मध्ये सुरू झालेलं. शहरातल्या मुलांना दूध पिशवीतून नव्हे, गायीतून येतं हे कळावं, एवढाच त्यामागचा साधा विचार. तिथे मुलांना गायीची धार काढून बघता येते. आमच्याबरोबर साताऱ्याकडच्या एक आजी होत्या. मुलं रांगेत उभी, एकेक जण सड दाबून बघतोय, दोन थेंब येतायत. आजींना राहवेना. त्या पुढे झाल्या, गायीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अरे, आधी पान्हा तर फुटू दे तिला!" मग जी धार लागली, ती बघून तिथली मार्गदर्शक मुलगीसुद्धा थक्क झाली. इंग्रजीचा एक शब्द न बोलता त्या दिवशी आजी सगळ्या मुलांच्या शिक्षिका झाल्या. परदेशी आलेल्या ज्येष्ठांना बहुतेक वेळा आपण इथे पाहुणेच आहोत असं वाटत असतं. शेतावरची सहल त्यांना घरची वाटते, हा या सहलीचा एक मोठा फायदा आहे.

अशीच गंमत ब्रिस्बेनला झाली. तिथे ऑगस्टमध्ये 'एक्का' नावाचं शेतकी प्रदर्शन भरतं, १८७६ पासूनचं. तिथल्या गोठ्यात एक आजोबा थबकले. "हे वशिंड तर आपल्याकडचं!" ते बरोबर होते. ऑस्ट्रेलियाच्या उष्ण उत्तर भागात जी ब्राह्मन जातीची गुरं दिसतात, ती १९३३ मध्ये अमेरिकेतून आणली गेली. आणि अमेरिकेत ही जात घडली ती भारतातून गेलेल्या गीर, गुजरात, नेल्लोर आणि कृष्णा खोऱ्यातल्या गुरांपासून. ऊन सोसणारी आणि गोचिडांना दाद न देणारी, म्हणून ती इथे टिकली. म्हणजे आपल्या कृष्णाकाठच्या खिल्लारांच्या शेजारपाजारचं रक्त क्वीन्सलँडच्या माळावर चरतंय.

आता मुद्दा असा. ही सगळी गुरं बाहेरून आली. १७८८ साली इंग्रजांची पहिली जहाजं सिडनीला लागली, तोवर या खंडात खुराचा एकही प्राणी नव्हता. गाय नाही, मेंढी नाही, घोडा नाही, हरीण नाही, डुक्करसुद्धा नाही. १७९७ मध्ये मेरिनो मेंढ्या आल्या आणि पुढे लोकरीवर हा देश उभा राहिला. आज इथे माणसांपेक्षा मेंढ्या कितीतरी जास्त आहेत. तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे : कुंपणातली मेंढी पाहुणी, आणि कुंपणाबाहेरचा कांगारू घरचा.

आता दुसऱ्या सहलीकडे वळू. मेलबर्नपासून साधारण ६५ किलोमीटरवर हील्सव्हिल अभयारण्य आहे. तिथे फक्त इथलेच प्राणी ठेवतात. आम्ही आजींना मुद्दाम प्लॅटिपस दाखवायला नेलं. अंधाऱ्या खोलीत, काचेच्या टाकीत हा प्राणी पोहत असतो. पहिली प्रतिक्रिया सगळ्यांची सारखीच : "एवढासाच?" हो, एवढासाच, मांजरापेक्षाही लहान. पाण्याखाली तो डोळे, कान, नाक सगळं मिटून घेतो आणि भक्ष्याच्या स्नायूंतून निघणारी सूक्ष्म वीज चोचीने ओळखून शिकार करतो. तो अंडी घालतो, पण पिलांना दूध पाजतो. यावर आजींनी जो प्रश्न विचारला तो आम्हा शिकलेल्यांपैकी कुणालाच सुचला नव्हता : "मग हिला सड किती?" उत्तर आहे, एकही नाही. प्लॅटिपसचं दूध पोटाच्या कातडीतून झिरपतं आणि पिलं ते केसांवरून चाटतात. याच हील्सव्हिलमध्ये १९४३ साली डेव्हिड फ्ले यांनी माणसाच्या देखरेखीखाली प्लॅटिपसचं पिलू पहिल्यांदा वाढवून दाखवलं.

कांगारूची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचं पिलू जन्मतं तेव्हा शेंगदाण्याएवढं असतं, आंधळं आणि बिनकेसाचं. आईची काहीही मदत न घेता ते केसांतून सरपटत पोटावरच्या पिशवीत, म्हणजे शिशुधानीत, शिरतं आणि सडाला चिकटतं. पिशवीत लहान पिलू आणि बाहेर उड्या मारणारं मोठं पिलू अशी दोन असली, तर आई एकाच वेळी दोन सडांतून दोन प्रकारचं दूध देते. मुलांना हे नुसतं सांगू नका. आधी गायीची धार काढायला लावा आणि मग सांगा. म्हणजे ते डोक्यात पक्कं बसतं.

आता आमच्या चुका सांगतो. आपल्याकडे जनावराला घास घालणं हे पुण्य आहे. गोग्रास, कावळ्याचा घास, मुंग्यांना साखर हे आपण लहानपणापासून बघत आलो. त्यामुळे मैदानात कांगारूंचा कळप दिसला की आजी-आजोबांचा हात आपोआप डब्याकडे जातो. आमच्याही जात होता. पोळी, ब्रेडचे तुकडे टाकायचे, मुलं खूश, फोटो छान. नंतर एका वनरक्षकाने शांतपणे समजावलं. कांगारूचं तोंड चरबट गवतासाठी घडलेलं आहे. मऊ ब्रेड दाताखाली अडकतो, हिरड्यांना इजा होते, जंतू शिरतात आणि जबडा सुजतो. पुढे त्याला खाताच येत नाही आणि तो उपाशी मरतो. शिवाय माणसाकडे खायला मिळतं हे एकदा कळलं, की मोठा नर अंगावर येऊ शकतो. ज्या उद्यानांत कांगारूंना खायला घालू देतात, तिथे ते देतील तेवढंच आणि तेच खाणं घालायचं. रानात काहीही घालायचं नाही. हे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगणं अवघड जातं, आम्हाला ठाऊक आहे. आम्ही आता असं सांगतो : "आई, इथे घास न घालणं हेच पुण्य." बहुतेकांना ते पटतं.

कोआलाचंही तसंच. प्रत्येक पाहुण्याला कोआला कडेवर घेऊन फोटो हवा असतो. व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समध्ये कायद्याने तसं करता येत नाही. क्वीन्सलँडमध्ये परवानगी आहे, पण तिथेही वारा बदलतोय. ब्रिस्बेनचं लोन पाइन हे १९२७ पासूनचं कोआला अभयारण्य. त्यांनी २०२४ मध्ये कोआला हातात देणं आपणहून थांबवलं. निलगिरीची पानं पचायला जड आणि कसाची कमी. म्हणून कोआला दिवसाचे वीसेक तास झोपून शक्ती वाचवतो. त्याची झोप म्हणजे आळस नव्हे, त्याचा तो जमाखर्च आहे. त्यात आपण त्याला हातोहात फिरवायचं! २०२२ मध्ये पूर्वेकडच्या राज्यांतला कोआला सरकारी यादीत 'धोक्यात आलेला' म्हणून नोंदला गेला, हे मुलांना सांगितलं की ती स्वतःच हात मागे घेतात.

आता सगळ्यांची आवडती सहल, फिलिप आयलंडचे पेंग्विन. मेलबर्नहून दोनेक तासांचा रस्ता. सूर्य मावळला की समुद्रातून लहान लहान पेंग्विन टोळ्या करून किनाऱ्यावर येतात आणि बिळांकडे चालू लागतात. उंची फूटभर, वजन किलोभर. फोटो काढायला सक्त मनाई, आणि आमच्या मते तीच त्यातली मजा. सगळे जण नुसते बघतात. उन्हाळा असला तरी पांघरूण न्या, वारा हाडं गोठवतो. परत निघताना गाडीखाली वाकून बघा, पेंग्विन बसलेला असू शकतो.

पण तिथे मुलांना दाखवण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती म्हणजे तिथे आता नसलेली वस्ती. या बेटावर एके काळी पेंग्विनच्या दहा वसाहती होत्या. १९८०च्या दशकापर्यंत एकच उरली, आणि तिच्या डोक्यावर घरं, रस्ते, गाड्या, कुत्री. १९८५ मध्ये सरकारने ठरवलं, की त्या भूशिरावरची सगळी खासगी जागा विकत घ्यायची. काम पुरं व्हायला २०१० उजाडलं. माणसांची वसाहत उठवून पक्ष्यांना जागा परत दिली, अशी उदाहरणं जगात फार नाहीत. त्याच्या जोडीला कोल्ह्यांविरुद्धची मोहीम चालली आणि २०१७ मध्ये बेट कोल्हेमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

कोल्हा कुठून आला? तोही बाहेरचाच. इंग्रज साहेबांनी शिकारीच्या हौसेसाठी आणला. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने अशाच हौसेने चोवीस ससे आणवले, आणि पुढे सशांनी खंड व्यापला. उलट इथला जो शिकारी होता, टास्मानियाचा पट्टेरी थायलसीन, त्याच्यावर मेंढ्या मारल्याचा आरोप ठेवून १८८८ ते १९०९ सरकारने बक्षीस लावलं आणि दोन हजारांहून अधिक मारले गेले. शेवटचा होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात ७ सप्टेंबर १९३६ रोजी मेला. त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं होतं, पण फक्त ५९ दिवस आधी. पाहुण्यांसाठी घरच्याला संपवलं, असंच म्हणायला हवं.

मग शेतावरची जनावरं गुन्हेगार का? नाही, आणि म्हणूनच शेवटची गोष्ट सांगतो. वॉर्नंबूल गावाजवळ मिडल आयलंड नावाचं चिमुकलं बेट आहे. ओहोटीच्या वेळी कोल्हे तिथे चालत जात. शेकडो पेंग्विन होते, २००५ मध्ये मोजले तेव्हा दहासुद्धा उरले नव्हते. तिथल्या एका कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्याने सुचवलं : माझी मरेमा कुत्री कोंबड्यांची राखण करतात, तीच पेंग्विनवर बसवा. २००६ पासून ती कुत्री बेटावर राहू लागली आणि पेंग्विन पुन्हा वाढले. 'ऑडबॉल' हा २०१५ चा चित्रपट त्यावरच आहे. मात्र २०१७ मध्ये समुद्र खवळल्याने कुत्री जाऊ शकली नाहीत, तेव्हा कोल्ह्यांनी डाव साधलाच. राखण एकदा करून भागत नाही, ती रोज करावी लागते. हे गुराख्याला सांगावं लागत नाही.

तर त्या मुलाला आम्ही आता असं उत्तर देतो : मेंढी पाहुणी, कांगारू घरचा, आणि आपणही पाहुणेच. पाहुण्याने घरच्यांना जपून राहावं.

जाता जाता तीन गोष्टी. शेतावरची जनावरं हाताळली की साबणाने हात धुवा, मगच डबा उघडा. लहान मुलांना यातून गंभीर जुलाब होऊ शकतात. संध्याकाळी आणि पहाटे गावाबाहेर गाडी हळू चालवा, कांगारू तेव्हाच रस्त्यावर येतात. आणि रस्त्याकडेला मेलेली मादी दिसली, तर सुरक्षित जागी थांबून वन्यजीव बचाव संस्थेला फोन करा, कारण पिशवीत पिलू जिवंत असू शकतं. तो नंबर आज घरी जाण्यापूर्वी फोनमध्ये साठवून ठेवा.